पोडावर न मारलेलं औषध

हिवतापाच्या फवारणीतली लबाडी भर सभेत उघड करणारा माणूस, अशी माझी ओळख आमच्या भागात आहे. ती खरी आहे. अपुरीही आहे. त्या सभेत मी एक वाक्य गाळलं. ते वाक्य मी कोलाम आदिवासींच्या पोडावर उच्चारलं होतं. ते बोलायला मला कुणीही भाग पाडलं नव्हतं. त्या वाक्यावर विश्वास ठेवून एक बाई गेली. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी ते लपवलं.

तो दिवस सुरू झाला पाटलाच्या अंगणात.

एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फवारणी पथकात मी हंगामी मजूर होतो. प्रशिक्षणात एका साहेबांनी जगाचा नकाशा टांगून सांगितलं होतं की कितीतरी देश एकाच वेळी या तापाशी लढत आहेत; मच्छर हद्द पाहत नाही; एक घर सुटलं तरी सगळ्यांची मेहनत वाया. मी भारावून गेलो होतो. ज्या कामात एकही घर सोडायचं नाही, त्या कामात मला प्रत्येक घरात जावं लागणार होतं. जी दारं आम्हांला कधी उघडली नव्हती, ती सरकारच उघडणार होतं. असं मी खरोखर मानलं.

पंप बादलीत उभा करून एकानं दांडा मारायचा, दुसऱ्यानं नळी धरून भिंती भिजवायच्या, शेवटी भिंतीवर फवारणीची तारीख लिहायची, अशी कामाची पद्धत. त्या दिवशी नळी धरायची पाळी माझी होती. मी पायरीवर पाय ठेवला.

"थांब रे," पाटील म्हणाले. "तू कायले अंदर येतं?"

"औषध मारायचं आहे, पाटील."

"औषध येऊ दे. तू बाहीर राह्य."

आमचे निरीक्षक ओसरीवर चहा घेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बशीत फुंकर मारली.

"मच्छर जात पाहत नाही, असं सरकार म्हणते," मी म्हणालो.

पाटील हसले. "मच्छर नसन पाहत. आमी पाहतो. धर्म तू बदलवला, आमच्या घरानं नाई बदलवला."

ओसरीवरचे सगळे हसले. निरीक्षकही हसले. माझा जोडीदार गजानन खाली मान घालून नळी घेऊन आत गेला. मी अंगणात उन्हात दांडा मारत राहिलो. डीडीटीची भुकटी माझ्या हातांनी कालवलेली. जोर माझ्या खांद्याचा. ते पाणी त्यांच्या देवघरापर्यंत पोचलं. ते चाललं.

मग पाटलांनी कापसाच्या कोठारासाठी आणि गोठ्यासाठी भुकटीच्या दोन थैल्या ठेवून घेतल्या. निरीक्षकांनी नाही म्हटलं नाही.

त्या थैल्या पोडाच्या होत्या.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. हे पोड झरीकडच्या जंगलात, पंधरा-वीस कुडाच्या घरांचं. निघताना मी विचारलं, "साहेब, पावडर संपली. पोडाचं काय?"

"भिंतीवर तारीख टाक अन् ये. कोलाम लोकाईले वाचता येते काय?"

"पण साहेब..."

"घरं बाकी दाखोली त वरून विचारतीन. तुले पक्कं व्हाचं हाय ना?"

मला पक्कं व्हायचं होतं.

गजानन आणि मी पोचलो तेव्हा अख्खं पोड घराबाहेर बसलेलं. आदल्या दिवशी आम्हीच निरोप धाडला होता, म्हणून त्यांनी मडकी, धान्याच्या कणग्या, पाळणे, सगळं झाडाखाली आणून ठेवलं होतं. दिवसाची मजुरी बुडवून. पोडाचे नाईक लच्चूदादा पुढे आले. "या बाबू, अंदर या." त्यांची सून जंगूबाई, पोटुशी, तिनं गाडग्यातलं पाणी दिलं. त्या दिवसात मला कुणी आत बोलावलं ते तिथेच.

मी आत गेलो. गेरूनं भिंतीवर तारीख लिहिली.

"बाबू, औषध नाई मारत?" लच्चूदादांनी विचारलं.

मी म्हणालो, "यंदा नवीन औषध आलं आहे. ते या लिहिण्यातच असते."

हेच ते वाक्य. निरीक्षकांनी तारीख टाकायला सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. सकाळी माझ्यावर जे हसले, त्यांच्यासारखंच मी त्या भल्या माणसाकडे वरून पाहिलं. मला त्यात बरंही वाटलं.

पावसाळ्यानंतर पोडावर ताप पसरला. रक्ताचे नमुने घ्यायला मला धाडलं. जंगूबाई कुडाला लागून निजवलेली होती, तीन गोधड्यांखाली थरथरत. सणासाठी घर पांढऱ्या मातीनं नुकतंच पोतारलेलं. फक्त माझ्या तारखेभोवती वीतभर चौकोन तसाच सोडलेला.

"थ्या लिवलेल्याले आमी हात नाई लावला, बाबू," लच्चूदादा म्हणाले. "पोरीले बी तिथंच निजवलं. औषधाजोळ."

मी नमुना घेतला. काचपट्टीवर तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत, ती गेली. पोटातल्या जिवासकट. कागदावर मृत्यूचं कारण हिवताप असं लिहिलं गेलं नाही.

पुढच्या वर्षी बाजारगावच्या शाळेत सभा झाली. दिल्लीचे अधिकारी आले, एक परदेशी पाहुणे आले. पाटील खुर्चीवर. कोलाम खाली, धुळीत. आमच्या भागात हिवतापाचा एकही बळी नाही, असं वाचून दाखवलं गेलं. टाळ्या झाल्या. मग आदर्श कर्मचारी म्हणून मला उभं केलं.

मी म्हणालो, "हे खोटं आहे. पोडाची भुकटी पाटलांच्या कोठारात गेली. साहेबांच्या हुकुमानं मी नुसती तारीख टाकली. जंगूबाई हिवतापानं मेली."

"बस खाली," निरीक्षक म्हणाले. मी बसलो नाही. पाहुण्यांना काय सांगितलं गेलं कुणास ठाऊक. ते हसून मान हलवत होते. नोकरी त्याच आठवड्यात गेली. पोडावर फवारणी त्यानंतरही दोन वर्षं झाली नाही. चौकशी झाली ती माझ्या वागणुकीची.

सरकारनं दगा दिला, हे मी गावोगाव सांगत फिरलो. लोकांनी हार घातले. पण त्या सभेत मी बोलत असताना धुळीतून लच्चूदादा माझ्याकडे पाहत होते. काहीतरी उरलं आहे, असं पाहत होते. मी नजर वळवली होती.

गेल्या उन्हाळ्यात पोडावर गेलो. लच्चूदादा फार थकलेत. मी त्यांच्यापाशी बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"त्या सभेत वाट पायली म्या," ते मध्येच म्हणाले. "बोलशीन म्हून. आता माह्या कानात नको सांगू. समद्याईले सांग."

त्यांनी पोड गोळा केलं. मी उभा राहिलो. माझा आवाज मुळात लहान. त्या दिवशी तो मी मोठा केला.

"लिहिण्यात औषध नव्हतं. मले माहीत होतं. हे खोटं ना साहेबाचं होतं ना पाटलाचं, माहं होतं. जंगूबाईच्या मरणात माहा वाटा हाय. लच्चूदादा, मी तुमची माफी मांगतो. तुमी माफ करा का नका करू, आजपासून जिथं जिथं मी सरकारचं नाव घेईन, तिथं आधी माहं घेईन."