पाठ शिवलेला ड्रॅगन

टाचणीमावशीचा राग एरवी लोकांच्या पँटी आखूड करण्यात जिरायचा. जिन्याखालच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्री आणि ती, एवढंच मावे. गिऱ्हाईक दाराबाहेर उभं राहून बोलणी खाई. "कंबर गेल्या खेपेला सैल केली ना? आता कापड कुठून आणू, तुमच्या पोटातून?" ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे प्रत्येक शब्द टोचूनच बाहेर पडे.

वर्षातून एकदा सिनेमा-कॉमिक्सच्या चाहत्यांचं, आवडत्या पात्रांचे पोशाख घालून यायचं मोठं संमेलन भरे, तेव्हा ती पोशाख दुरुस्तीच्या टेबलामागे बसे आणि रागाला नुसता ऊत येई. राक्षस, पऱ्या, अंतराळातले सेनापती आपापला फाटका भाग पुढे करून रांगेत उभे.

"पहिल्यांदाच आलायस ना?" ती एका सेनापतीवर खेकसली. "कोरे बूट घालून दिवसभर चालायला निघालेत साहेब! पायाला फोड येणार नाहीत तर काय, पदकं येणार? पिशवीत जुन्या चपला ठेवायच्या! आणि तू गं परी, पंख दारातून जातात का बघितलंस? घरच्या नव्हे, इथल्या दारातून! नाही ना? मग चाल आता आडवी, खेकड्यासारखी!"

परीच्या मागे तिची सख्खी भाची उभी होती. हिरवा ड्रॅगन! मानेपासून घोट्यापर्यंत खवले, अख्खी सुट्टी खर्चून एकेक चिकटवलेले. पहिलंच संमेलन, थोड्या वेळात स्पर्धेसाठी मंचावर जायचं, आणि तोंड मात्र पांढरंफटक.

"पाणी पी," मावशी म्हणाली.

"नको."

"नको काय? फोनवर कानीकपाळी ओरडले होते, गर्दीत घोट घोट पाणी पीत राहायचं!"

"मावशी, पाण्याचं नाव नको ना काढूस," भाची गुडघे आवळून कुजबुजली. "मला जायचंय."

"मग जा की! बाथरूम काय तुझ्याकडे चालत येणार आहे?"

"जाता येत नाही. आईनं पाठ शिवलीय."

मावशीच्या ओठांतल्या टाचण्या खळकन टेबलावर पडल्या. ताईनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, चेन फुगलेली दिसते म्हणून काढून टाकली होती आणि सकाळी पोरीला पोशाखात उभी करून पाठ अंगावरच शिवून टाकली होती.

ताई मागेच होती. "फिटिंग बघ ना कसलं बसलंय! काढेल ती थोडी कळ."

"पोर आहे की उशी गं ती? कापूस भरला आणि टाका घातला!"

"उसवलंस तर खबरदार! एवढी मेहनत..."

"मेहनत हिची, कळही हिची, आणि तोंड तुझं?" मावशी भाचीकडे वळली. "ऐक. खवल्याला धक्का लागू देत नाही. पण पुन्हा शिवायला वेळ नाही, पाठ पिनांवर राहील. दिसेल. बोल."

भाचीनं एकदा आपल्या खवल्यांकडे पाहिलं. "उसव. पटकन!"

सर्रकन टाके सुटले आणि ड्रॅगन शेपूट काखोटीला मारून पळाला. तो परत येतो तोच स्पर्धेचा पुकारा झाला. मावशीनं तणतणत, चालता चालताच, मानेपासून कमरेपर्यंत पिना ठोकल्या.

मंचावर परीक्षक मधाळ आवाजात म्हणाले, "वाऽऽ! जरा वळून दाखवता का?"

भाची क्षणभर थबकली. मग वळली. दिव्यांच्या झोतात पिना लखलखल्या. प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं, मग पुढची अख्खी रांग.

"झाली ना शोभा?" ताई फणफणली.

मावशी तरातरा मंचापाशी गेली. तिला माइकची गरज कधी पडली नव्हती. "हसा! खुशाल दात काढा! पण सकाळपासून पाणी किती जण प्यायलेत? आणि अंगावर जे चढवलंय, त्यातून एकट्यानं बाहेर कोणाकोणाला येता येतं? हात वर करा बघू!"

एकही हात वर गेला नाही. पुढच्या रांगेतल्या यंत्रमानवानं गुपचूप आपली पाठ चाचपली, "अरे देवा" म्हणाला आणि खडखडत बाथरूमकडे निघाला. त्याच्यामागून निम्मी रांग उठली.