कस्तुराचा उपास

शीळ घालणारा कस्तूर हा पक्षिकुळातला ऋषी आहे, असे आमच्या दहिवलीच्या घरमालकांचे, म्हणजे काकांचे, मत होते. निवृत्त शिरस्तेदाराचे मत; त्यावर अपील नसे.

त्यांना असा एक कस्तूर पळसदरीच्या ओढ्याकाठी, पंखाला लागलेला सापडला. हळद लावून त्यांनी तो ओसरीवरच्या पिंजऱ्यात ठेवला. सावलीत पक्षी काळा दिसे. ऊन आले की कपाळ आणि खांदे गर्द निळे चकाकत. रानातल्या झऱ्याकाठी हा पहाटे माणसासारखी शीळ घालतो, एवढ्यावरून काकांनी त्याला तपस्वी ठरवले, आणि तपस्व्याला शोभेल असा आहार सुरू केला. भिजवलेली डाळ, डाळिंबाचे दाणे, एकादशीला राजगिरा. लढाईचे दिवस होते; आम्ही भाडेकरू रेशनची किडकी ज्वारी निवडत होतो.

पंख बरा झाला, पण पक्षी शीळ घालीना. डाळ तशीच पडून राही. दिवसभर या दांडीवरून त्या दांडीवर. शेपटी उघडायची, मिटायची. खाली काका येरझाऱ्या घालत. पक्षी खाईना म्हणून तेही अर्धपोटी उठत. मला शाळेच्या वह्यांतली एक ओळ सलग वाचता येत नसे.

"काका, हा खेकडे खातो," मी शेवटी म्हणालो. "दगडावर आपटून खाताना पाहिलाय मी. बेडूक, किडेसुद्धा."

"मास्तर, तुम्ही खंड्या पाहिला असेल. चातुर्मासात असलं बोलू नये."

काकू आतून म्हणाल्या, "बोलू नये, पण मरू द्यावं! नुसती पिसं उरलीत हो त्याची. सोडा त्याला."

"आणि परत नाही आला तर?"

 

श्रावणातल्या एकादशीला सकाळी पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. राजगिऱ्याकडे त्याने पाहिलेही नाही. काकांनी बराच वेळ कडीवर बोट ठेवले, मग ती काढली.

"जा बाबा."

तो ओल्या अंगणात उतरला, थोडा अडखळला, आणि विहिरीच्या पन्हळीतून एक छोटा खेकडा ओढून थेट तुळशीवृंदावनावर गेला. तिथे त्याने खेकडा आपटला, नांग्या मोडल्या, खाल्ला. मग फणसावर बसून लांबलचक शीळ घातली आणि डोंगराकडे निघून गेला.

काकांनी डोळे पुसून हात जोडले.

काकूंनी वृंदावन धुतले.