मुलाण्याचा मान

मुठा खोऱ्यातल्या आमच्या गावात मुसलमानाचं घर एकच, मुलाण्याचं, म्हणजे आमचं. जत्रेला मानाचा बोकड अब्बांनी अल्लाचं नाव घेऊन कापल्याशिवाय कुणाच्या घरी रस्सा शिजत नसे. एरवी खालमानेनं वावरणारे अब्बा त्या दिवशी गावाच्या मधोमध उभे राहायचे.

मी उत्तरेतल्या मदरशात आठ वर्षं शिकून आलो. ग्रंथ तोंडपाठ आणि अंगात मस्ती. आल्या आल्या अब्बांना सांगितलं की देवाला वाहिलेल्या जनावरावर सुरी फिरवणं आपल्याला मना आहे. ते म्हणाले, मी नाव तर अल्लाचंच घेतो, लोकांच्या मनातलं त्यांना ठाऊक. मी तीन ग्रंथ काढून दाखवले. अब्बांना वाचता येत नव्हतं, पण मुलगा मौलवी झाला याचा अभिमान एवढा, की त्यांनी वाद घातला नाही. उलट मला अहोजाहो करू लागले. जत्रेला पिरंगुटहून दुसरा माणूस येऊ लागला आणि अब्बा त्या दिवशी दार लावून घरात बसू लागले. मला वाटलं, मी जिंकलो.

पुढे माझी व्याख्यानं गाजली, एका पक्षानं हेरलं आणि मी आमदार झालो. सलोखा हा माझा हातखंडा विषय. आमच्या जत्रेत मुलाण्याचा मान असतो, असं सांगून मी हमखास टाळ्या घ्यायचो. तो मान मीच बुडवला हे मात्र कधी सांगितलं नाही. आज त्याची लाज वाटते.

मग सरकारनं मला एका अरब देशात राजदूत म्हणून पाठवलं. निघण्याआधी गावी गेलो तेव्हा अब्बांनी विचारलं, तिथं काम काय असतं. मी म्हणालो, परक्यांत राहायचं आणि आपलं न सोडता त्यांचंही राखायचं.

"म्हंजी मी जत्रंत करायचो तसंच की," अब्बा म्हणाले. मग जरा चाचरत, "यंदा जाऊ का मी? तुमी म्हणत असाल तरच."

बाप पोराची परवानगी मागत होता. हो म्हटलं तर माझे ग्रंथ खोटे ठरत होते, आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी राजदूताला शोभेल असं उत्तर दिलं. "कळवतो, अब्बा."

फोनवर आम्ही तब्येतीचं बोलायचो, भातलावणीचं बोलायचो. तो विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. दुसऱ्या वर्षी अब्बा गेले. मातीलाही मी पोचलो नाही.

परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी सांगितलं की त्या दोन वर्षांतल्या दोन्ही जत्रांना अब्बा पहाटे अंघोळ करून उंबऱ्यावर येऊन बसले होते. गावकरी बोलवायला आले, तर दोन्ही वेळा म्हणाले, "पोराचा निरोप येऊ द्या, मंग येतो."