पाहणीची तयारी

साहेब येणार म्हटलं की आमच्या सौंसरच्या तहसीलमधल्या एका जुन्या बाबूंच्या अंगात यायचं. "येऊन राहिले, येऊन राहिले!" असं ओरडत ते आवार झाडत, चुन्याच्या लायनी मारत, शेजारच्या शाळेतून कुंड्या आणून मांडत. साहेब गाडीतूनच हात हलवून निघून जात. बाबू कुंड्या परत पोचवत, जराही न चिडता. चिडायचो मी, त्यांच्याच टेबलाशेजारचा कारकून.

मागच्या हिवाळ्यात छत्री बांधून आकाशातून उड्या मारणाऱ्यांचं विमान उडाल्या उडाल्या कपाशीच्या वावरात कोसळलं. आतलं कोणीच वाचलं नाही. प्रेतं नेल्यावर, सकाळी पाहणी आहे असं सांगून रात्रभर वावर सांभाळायला बाबूंना बसवलं. सकाळी मुंबईहून अपघाताच्या चौकशीला एक अधिकारी बाई आल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो.

वावर अंगणासारखं झाडलेलं. विमानाचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले. न उघडलेल्या छत्र्यांच्या पिशव्या एका बाजूला. भोवती चुन्याचा सुबक चौकोन.

बाई बांधावर मटकन बसल्या. "अहो, कोणता तुकडा कुठे पडला त्यावरूनच कारण कळतं. ही माणसं कशानं मेली, ते आता मी कसं शोधू?"

बाबूंनी हातातला झाडू बांधावर ठेवला.

"चुकलं जी, मॅडम," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली, पाहणीची तयारीच करून राहिलो. पण गाडीतून उतरून खरंच पाहणारं आजवर कोणी आलंच नव्हतं."