अल दुहैलमधले पोट सुटलेले खांब

बांधकामावर सिमेंटच्या आधी किस्से साचतात, असे माझे प्राथमिक निरीक्षण आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी इंग्लंडमधल्या एका नव-अभिजात हवेलीची मापे घेतली होती. दोह्यात, अल दुहैलला, एका कतारी मालकांना आपल्या नव्या घराला तिच्यासारखाच दर्शनी भाग हवा होता. म्हणून मला बोलावणे आले.

अट एकच होती. मालकांच्या आईने पाहून होकार द्यायचा. नकार आला, तर दर्शनी भाग पाडून सरळ काच लावायची आणि रत्नागिरीच्या लतीफचाचांची गवंड्यांची टोळी मेसईदच्या वेगवेगळ्या कारखान्यांत पांगायची. वर्षानुवर्षे एका पातेल्यात जेवणारी माणसे ती!

* * *

अशा हवेलीचे खांब मधोमध किंचित फुगीर असतात. मी तशी रेखाचित्रे दिली. दुसऱ्या सकाळी पहिला खांब ओळंब्यात, अगदी सरळ. चाचा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाय, तुझ्या खांबाचा पोट सुटला होता. मी सरळ केलाय. घाबरू नको, कुनाला बोललो नाय."

* * *

मग मी शेजारचा खांब फुगीर करून घेतला आणि चाचांना फाटकापाशी उभे केले. ते बराच वेळ दोन्ही खांब पाहत राहिले. "माझा सरळ हाय," ते म्हणाले, "पन तुझा सरळ दिसतो." त्याच दुपारी त्यांनी स्वतःचा खांब खरवडायला घेतला.

* * *

खांबांवर दर्शनी त्रिकोण येतो. इंग्लंडात त्यात शिल्पे आहेत. मालकांना मूर्ती नको होत्या. एसीचे काम पाहणारे नागपूरचे इंजिनिअर देशमुख यांना मी त्या रिकाम्या जागेचे सौंदर्य जवळजवळ अर्धा तास समजावले.

"म्हणजे देव बसणार नाही, हे पक्कं ना मॅडम? मंग देव्हाऱ्यात एसी बसवू."

वाटाघाटींअंती एसी त्रिकोणाच्या मागे गेले.

* * *

धुराडी मालकांच्या आग्रहाची. इथल्या उन्हाळ्यात शेकोटी कोण पेटवणार, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता. मात्र धूर नीट वर चढतो का, याची चाचणी आवश्यक होती. टोळीने ती बांगडे तळून केली. अहवालात मी "समाधानकारक" असे लिहिले; चाचणीत मीही दोन बांगडे खाल्ले होते.

* * *

गुरुवारी मालकांच्या आई आल्या. खांबांपुढून न थांबता गेल्या आणि डावीकडच्या एका खिडकीशी थांबल्या. तिला चौकट होती, खाली कट्टा होता. काचेच्या जागी मात्र गिलावा. मूळ हवेलीतही ती तशीच आहे: आत भिंत हवी होती, बाहेर उजवीकडच्या खिडकीला जोडीदार हवी होती, म्हणून खोटी खिडकी.

बाईंना ही फसवणूक वाटेल, अशी मला भीती होती. मी समतोलावर बोलू लागले. माझे बोलणे अरबीत सांगता सांगता मालक दुसऱ्याच वाक्यात अडकले. तेव्हा बाईंनी थेट चाचांना विचारले. चाचांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितले, की बाहेरून खिडकी, आतून भिंत. रस्त्यावरून घरातले कुणाला काही दिसत नाही.

बाईंनी काठीने गिलाव्यावर दोनदा ठोकून पाहिले. मग मुलाशी काहीतरी बोलल्या. मालक माझ्याकडे वळले.

"आई म्हणते, काच नको, हेच राहू दे. आणि समोरच्या सगळ्या खिडक्या अशाच करा."

मी चाचांकडे पाहिले. ते टोळीकडे वळलेले होते.

"यल्ला, ब्लॉक आना रे."