कॅन्टिलिव्हरचे मागचे पाय

इब्राहिमच्या खुर्चीला मी मागचे दोन पाय बसवले. अस्सल सागाचे, पॉलिश केलेले. आणि वर त्यालाच विचारलं, "काय रे, हे विसरलास होय?"

तो वारल्याची खबर श्रीवर्धनच्या बाजारात कानी आली तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवलं... माणूस गेला की त्याचे गुण आठवावेत म्हणतात. मला माझा गाढवपणा आठवला.

मी गावातला खुर्च्या करणारा एकुलता एक सुतार. इब्राहिम मुंबईच्या गोदीत जहाजदुरुस्तीला होता, तो परतला पोलादी नळ्या घेऊन. नळीत आमच्याच किनाऱ्याची वाळू ठासायचा, भट्टीत लाल करायचा आणि वाकवायचा. कुठे चपटायची म्हणून नाही. मुंबईहून तिला चकाकी देऊन आणली, तिला मी कल्हई म्हणालो. "निकेल म्हणतात, नान्या!" मग 'कॅन्टिलिव्हर' एवढंच सांगून वेताची बैठक विणायला सांगाडा माझ्याकडे टाकून गेला. पुढे दोन पाय, मागे नुसती हवा. मी सागाचे जोडून दिलेले बघून तो पोट धरून हसला. "अरे, कॅन्टिलिव्हर हाय ती! मागं पाय नाय, तीच तर गंमत. बसलं की झुलते." त्यानं ते पाय तिथल्या तिथे काढून टाकले. मी म्हणालो, मला ते कंपनीचं नाव वाटलं.

हा किस्सा मी गावभर स्वतःच सांगत आलो, अडाण्याची चूक म्हणून. खरं सांगू? वेत विणून झाल्यावर मी तिच्यात चोरून बसलो होतो. ती झुलली... आणि पडली नाही. त्यानंतर पाय बसवले.

पुढे दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तशाच सहा करायला सांगितल्या. माझ्याकडे पाट आणि पाळणे उरले. ती खुर्ची मोडायची मी आठ वर्षं वाट बघितली. आधी तोच गेला.

चाळिसावा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. हमीदाभाभींनी तीच खुर्ची पुढे केली. बसलो, तशी ती हलकेच झुलली, आणि माझ्याच्याने राहवेना. म्हणालो, "भाभी, ते पाय मी चुकून नव्हते लावले. आधी बसून बघितलं होतं. तो तसाच गेला, त्याला सांगायचं राहिलं..."

"सांगायचं काय त्यात? त्यांना तवाच कळलं होतं," भाभी म्हणाल्या. "नव्या वेतावर भुशाचे दोन गोल उठले होते, भाऊ. तुमच्या बुडाएवढे."