डॉक्टरांनी लावलेलं मौन

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, आणि एका सकाळी वर्गात ‘समीकरण’ म्हणायला गेले तर तोंडातून नुसती हवा आली. मुलं हसली. मलाही हसू आलं असतं, पण घाबरले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या एका शाळेत मी गणित शिकवायची. आमचा वर्ग रस्त्याला लागून. हंगाम सुरू झाला की कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर तिथूनच बाजाराकडे जायचे, आणि त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून मला शिकवावं लागायचं. खरं सांगायचं तर मला मोठ्यानं बोलायची आवडच होती. तुमचा तास तिसऱ्या वर्गातही ऐकू येतो, असं बाकीचे शिक्षक चेष्टेनं म्हणायचे. मी ते कौतुक समजायची.

अमरावतीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाले, “स्वरयंत्र सुजलंय, गाठी धरायला लागल्यात. तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.”

“पण डॉक्टर, घरी...” मी सुरू केलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझं मौन तिथूनच लागू झालं.

सोबत नवरा होता. तो मुळातच कमी बोलणारा. परतीच्या एसटीत आम्ही दोघं नेरपर्यंत गप्प बसून आलो. एरवी त्या वाटेवर मी सतत बोलत असे आणि तो खिडकीबाहेर बघत असे. त्या दिवशी मीही खिडकीबाहेर पाहिलं. शेतांतली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झाली होती. दरवर्षीच होते, पण मी ती वाटेत कधी पाहिली नव्हती.

मुलीनं तिची जुनी पाटी काढून दिली. ती तेव्हा आठवीत होती. दिवाळीची सुट्टी लागली होती, म्हणून शाळेचा प्रश्न नव्हता, पण घराचा होता. पहिले दोन दिवस मी पाटी घेऊन सगळ्यांच्या मागे फिरत होते. ‘ओला टॉवेल वाळत घाला.’ ‘केसांना तेल लाव.’ ‘दुधाखालचा गॅस.’ लिहून होईपर्यंत दूध उतू गेलेलं असे, किंवा मुलीनंच गॅस बंद केलेला असे. तिसऱ्या दिवशी मी पाटी तिच्यासमोर धरली, तर ती वाचून म्हणाली, “आई, हे तू कालच लिहिलं होतंस. परवाही. पुसलंच नसतंस तर खडू वाचला असता.”

मला राग आला. रागावता येईना. पाटीवर रागावून पाहिलं, तर अक्षर चांगलं आल्यामुळे तो रागच वाटेना. शेवटी आम्ही दोघी हसत सुटलो, मी बिनआवाजाची.

पण तोंड बंद झालं तरी आत सगळं चालूच होतं, हे मला त्याच दिवसांत कळलं. समोरच्या घरची रांगोळी वाकडी, मुलीची पाठ वाकलेली, नवऱ्यानं चप्पल दारातच काढलेली. आतमध्ये एक बाई दिवसभर सगळ्यांच्या चुका काढत बसली होती. आजवर ती तोंडावाटे बाहेर पडायची, म्हणून मला ती वेगळी अशी दिसली नव्हती. आता ती कोंडली गेली आणि मला तिचं बोलणं ऐकत बसावं लागलं. फार कंटाळवाणी बाई होती.

मी यवतमाळात वाढलेली, वडील सरकारी कार्यालयात. लग्न होऊन आले ते कापूस आणि तुरीच्या घरात, पण शेतावर जायची ती पाहुण्यासारखी. त्या वर्षी वेचणीला बाया कमी पडत होत्या. घरात बसून त्या आतल्या बाईचं ऐकण्यापेक्षा शेत बरं, म्हणून मी पाटीवर लिहिलं, ‘मी पण येते वेचायला.’ नवऱ्यानं दोनदा वाचलं.

“तुले जमन?” एवढंच म्हणाला.

वेचणाऱ्या बायांत एक पुढारी होती. पन्नाशीची, उंच, हसली की दोन धुरे, म्हणजे दोन बांध, पलीकडे ऐकू जाईल अशी. तिनं वेचलेला कापूस टाकायला माझ्या कमरेला ओटी बांधून दिली, बोंडातून कापूस एका ओढीत कसा काढायचा ते दाखवलं. मी मान हलवत राहिले, तशी तिनं विचारलं, “काहून वो बाई, बोलत काहून नाई?”

मी गळ्याकडे बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं, मग हात जोडले. तिनं त्याचा तिच्या परीनं अर्थ लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “अवो, बाईनं मौन धरलं हाये!”

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

“पाह्यलं? कबूल बी करत नाई,” ती म्हणाली. “खरं मौनवालं मानूस असंच राह्यते.”

पाटी धुऱ्यावर राहिली होती. तिथपर्यंत जाऊन खुलासा लिहून आणणं काही जमलं नाही, आणि पाच मिनिटांत मी त्या शेतातली साध्वी झाले. दुसऱ्या दिवशी एकीनं मला वाकून नमस्कार केला तेव्हा मी पळाले.

मग माझ्या बाजूचं तास, म्हणजे कपाशीची शेजारची ओळ, कोण घेणार यावरून बायांत चढाओढ लागली. तासाला लागलं की शेजारची बाई बोलू लागायची. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात शेतकरी जीव देत होते, आणि विचारणारे पुष्कळ येत. फॉर्म घेऊन येत, कॅमेरे घेऊन येत, मान हलवून जात. प्रत्येकाजवळ सल्ला असे. नुसतं ऐकून घेणारं माणूस मात्र दुर्मिळ झालं असावं, नाहीतर त्या माझ्यासारखीला कशाला सांगत्या?

एकीची मुलगी बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. आईला भीती वाटत होती. यवतमाळ लांब, पोरगी कधी एकटी राहिलेली नाही, भाऊबंद काय म्हणतील. मला सगळं माहीत होतं! वसतिगृह कुठं, अर्ज कधी, कोणाला भेटायचं. तीनदा माझं तोंड उघडलं आणि तीनदा मी ते मिटलं. ती बोलत राहिली. बोंडं वेचत, मध्येच थांबत. “तसं पाह्यलं तं पोरगी धीटच हाये. मागच्या साली माह्या सासूले दवाखान्यात तिनंच नेलतं... भाऊबंद कायले म्हनतीन, त्यायच्या पोरी नाई काय गेल्या?” तासाच्या टोकाला पोचलो तेव्हा तिनं कंबर सरळ केली आणि तोंडभर हसली.

“बरं झालं बाई, तुमी सांगतलं. जाऊ देतो तिले.”

मी एक अक्षरही बोलले नव्हते. ती मात्र हलकी होऊन पाणी प्यायला गेली, आणि मी तिथंच उभी राहिले. बारा वर्षं शिकवत होते. किती मुलांची उत्तरं मी त्यांच्या तोंडातून काढून घेतली असतील, असं वाटलं, आणि लाज वाटली. पण ती लाज बोचरी नव्हती. कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवून घ्यावं आणि इतके दिवस ते आपण उगीच वाहत होतो हे समजावं, तसं काहीतरी होतं.

दहाव्या किंवा अकराव्या दिवशीची गोष्ट. ऊन कोवळं होतं, बोटं आपोआप चालत होती. अचानक लक्षात आलं की आतली बाई बराच वेळ काही बोललेली नाही. मी कान देऊन पाहिलं. काहीच नव्हतं. बोंडातून कापूस सुटतानाचा बारीक आवाज, लांबून बायांचं बोलणं, माझा श्वास. मला कधीच एवढं बरं वाटलं नव्हतं. देवळात मी रोज जायची, पण देवासमोरही मी यादीच वाचायची. हे दे, ते सांभाळ, त्याला अक्कल दे. हात जोडून गप्प उभं राहता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी नवऱ्यानं भरलेल्या गाठोड्यात कवडी कापूस, म्हणजे किडलेला, डागाळलेला, चांगल्यात टाकलेला दिसला. राग उसळला. नेहमीसारखा छातीतून वर, गळ्यापर्यंत. तिथं वाट बंद होती. मग मी त्या रागालाच पाहत राहिले. तो तसाच उभा राहिला आणि हळूहळू उतरला. त्याच्या खाली भीती निघाली.

ती मी ओळखली. त्या वर्षांत आमच्या भागातल्या कुठल्याही बाईनं ओळखली असती. नवरा गप्प असला की मला धस्स व्हायचं. सकाळी उठल्याबरोबर मी त्याचा चेहरा बघायची. तो शेतात जास्त वेळ थांबला तर मुलीला पाठवायची. त्याला विचार करायला जागाच मिळू नये म्हणून मी घर बोलण्यानं भरून टाकलं होतं, आणि हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बाया जेवायला कडुनिंबाखाली बसल्या होत्या. आम्ही दोघं धुऱ्यावर भाकर खात होतो. मग तो एकाएकी म्हणाला, “त्या तिकडं टिटवीनं अंडे घातले होते. पेरनीच्या टायमाले.”

मी पाहिलं.

“चार होते. दगडाएवढेच, दगडासारखेच. तिफनीखाली येतच होते, तेवढ्यात ती ओरडली. मंग मी तेवढा तुकडा सोडून देल्ला. रोज जाऊन बसत होतो तिथं. आधी डोक्यावर येऊन भांडे. मंग भांडाचं सोडलं तिनं.” तो हसला. “पिल्लं निंगाले त्या दिवशी घरी येऊन तुले सांगनार होतो. पन तू बोलून राह्यलती. मंग राहूनच गेलं.”

मी भाकर खाली ठेवली. तो माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, “तुले माह्या जिवाचं भेव वाटते ना?”

मी मान हलवली. हो.

“मले मालूम हाये. पोरीले पाठवतं तू. अवो, मी टिटवीपाशी बसत होतो. दुसरं काही नाई माह्या मनात.”

मी रडले आणि हसले, दोन्ही आवाज न करता, आणि ते फार विचित्र दिसत असावं, कारण कडुनिंबाखालून पुढारीण ओरडली, “काय केलं हो भाऊ तुमी बाईले?” नवऱ्यानं मोठ्यानं उत्तर दिलं, “पाखराची गोष्ट सांगतली!” सगळ्या बाया हसल्या. त्यानंतर तो अर्धा तास बोलत होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि आपला नवरा गमतीदार बोलतो हे मला त्या दुपारी कळलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी आरसा काढून ठेवला आणि म्हणाले, “आता बोला.” मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, “बरी आहे.” आवाज कोवळा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

शाळेत मी हळू बोलू लागले. ऐकायचं म्हणून मुलं गप्प बसू लागली. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक दारातून डोकावले, वर्गावर शिक्षक आहे की नाही ते बघायला. एखादा मुलगा फळ्यापाशी अडला की मी पाठीमागे हात बांधून थांबायची. कधीकधी फार वेळ लागे. उत्तर यायचं.

सकाळी दहा मिनिटं मागच्या पायरीवर बसायची सवय मात्र तेव्हापासून लागली. जप नाही, पोथी नाही. मनात काय काय येतं ते फक्त बघायचं. आतली बाई कायमची गेली असं मी म्हणणार नाही. येते, बडबडते. तिला बसायला जागा देते, ती थोड्या वेळानं उठून जाते. भीतीही येते. तिला मी आता तिच्या नावानं ओळखते, त्यामुळे तिला राग बनून यावं लागत नाही.

शेवटच्या वेचणीला रविवार पाहून मी पुन्हा गेले. पुढारणीनं मला पाहिलं, मी “नमस्कार” म्हणाले, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

“मौन सुटलं काय वो?”

मी सगळं खरं सांगून टाकलं. घसा, गाठी, अमरावतीचे डॉक्टर. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. वाटलं, आता चिडेल. ती बायांकडे वळली आणि म्हणाली, “पाह्य, आमी डाक्टरच्या पेशंटच्या पाया पडलो!” आणि अशी हसली, की हसता हसता कापसाच्या ढिगावर बसली, तिच्यामागून मी बसले, मग सगळ्याच. नवरा ट्रॉलीजवळ उभा राहून ओरडत होता, “कापूस दाबून राह्यल्या ना!” कुणी ऐकलं नाही.